वाचकांचे प्रश्न : इंग्रजीतील जोडीची अव्यये नेमकी कुठे लिहावीत?

या सदराकडे आलेल्या प्रश्नांपैकी बरेचसे या खेपेस एकाच विषयाभोवती फिरणारे आहेत. ‘आयदर–ऑर’, ‘नायदर–नॉर’, ‘बोथ–अँड’, ‘नॉट ओन्ली–बट ऑल्सो’ अशी जोडीने येणारी उभयान्वयी अव्यये वाक्यात कशी वापरावीत, हा तो विषय. म्हणून इतर प्रश्न पुढे ढकलून हे सदर त्यालाच दिले आहे. वाचण्याच्या सोयीसाठी इंग्रजी वाक्येही देवनागरीतच दिली आहेत.

प्रश्न : नोकरीच्या अर्जात मी ‘आय नॉट ओन्ली स्पीक इंग्लिश बट ऑल्सो मराठी’ असे वाक्य लिहिले होते. अर्ज वाचून देणाऱ्या मैत्रिणीने त्याखाली रेघ ओढली, पण चूक काय ते तिला सांगता आले नाही. अर्थ तर स्पष्ट कळतो. मग बिघडले कुठे?

आपल्या मैत्रिणीचा कान तयार आहे. चूक शब्दांत नाही, शब्दांच्या जागेत आहे, आणि जागेतली चूक कानाला खटकते तेवढ्या चटकन सांगता येत नाही. एक पेन्सिल घ्या. ‘नॉट ओन्ली’ या शब्दांच्या लगेच पुढे एक उभी रेघ मारा आणि ‘बट ऑल्सो’च्या लगेच पुढे दुसरी. आता पहिल्या रेघेपुढे काय उरले ते पाहा : ‘स्पीक इंग्लिश’, म्हणजे क्रियापद आणि त्याचे कर्म. दुसऱ्या रेघेपुढे उरले ते नुसते ‘मराठी’, म्हणजे एकटे नाम. जोडीच्या अव्ययांचे काम दोन सारख्या गोष्टी एकमेकींसमोर ठेवण्याचे असते, आणि येथे एका बाजूला क्रिया आहे, तर दुसऱ्या बाजूला भाषेचे नाव. ‘बोलते’ याच्या जोडीला दुसरी क्रिया यायला हवी होती, किंवा ‘इंग्रजी’च्या जोडीला दुसरी भाषा.

दुरुस्ती सोपी आहे. आपल्याला दोन भाषा समोरासमोर ठेवायच्या आहेत, तेव्हा ‘नॉट ओन्ली’ उचलून भाषेच्या नावाशेजारी नेऊन ठेवा : ‘आय स्पीक नॉट ओन्ली इंग्लिश बट ऑल्सो मराठी’. आता पुन्हा रेघा मारल्या, तर एकीपुढे ‘इंग्लिश’ आणि दुसरीपुढे ‘मराठी’ येते. याउलट, ‘नॉट ओन्ली’ क्रियापदाच्या आधीच ठेवायचे असेल, तर दुसऱ्या बाजूलाही क्रियापद द्यावे लागेल : ‘आय नॉट ओन्ली स्पीक इंग्लिश बट ऑल्सो टीच इट’, म्हणजे मी इंग्रजी नुसती बोलतच नाही, तर शिकवतेही.

ही चूक मराठी माणसाकडून का होते, याकडे थोडे बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली तेथेच आहे. मराठीत हे काम ‘च’ आणि ‘ही’ ही दोन छोटी अव्यये करतात, आणि ती शब्दाला चिकटून येतात. ‘इंग्रजीच नव्हे तर मराठीही’ असे म्हटले की जोर कोणत्या शब्दावर आहे, याविषयी शंका उरत नाही. शब्द वाक्यात कोठेही हलवला, तरी ‘च’ त्याच्याबरोबर हलतो. इंग्रजीत असा चिकटणारा प्रत्यय नाही. तेथे ‘नॉट ओन्ली’ सुटे उभे राहते आणि ते ज्याच्या आधी उभे असेल, त्यालाच लागू पडते. म्हणून इंग्रजी वाक्य लिहिण्यापूर्वी तेच मनात मराठीत म्हणून पाहावे, ‘च’ आणि ‘ही’ कोणत्या शब्दांना चिकटले ते हेरावे आणि इंग्रजीत जोडीचे दोन भाग नेमके त्याच शब्दांच्या आधी ठेवावेत. पुढची तीन वाक्ये या दृष्टीने वाचा :

‘शी नॉट ओन्ली रोट द रिपोर्ट बट ऑल्सो प्रेझेंटेड इट’ : तिने अहवाल नुसता लिहिलाच नाही, तर सादरही केला.

‘शी रोट नॉट ओन्ली द रिपोर्ट बट ऑल्सो द समरी’ : तिने अहवालच नव्हे, तर सारांशही लिहिला.

‘नॉट ओन्ली शी बट ऑल्सो हर कलीग रोट द रिपोर्ट’ : तिनेच नव्हे, तर तिच्या सहकाऱ्यानेही अहवाल लिहिला.

शब्द जवळपास तेच, पण मराठीत ‘च’ जसा क्रियापदावरून कर्मावर आणि कर्मावरून कर्त्यावर सरकला, तसे इंग्रजीत ‘नॉट ओन्ली’ सरकले. हे एकदा डोळ्यांना दिसले की नियम पाठ करण्याची गरज उरत नाही.

हीच कसोटी इतर जोड्यांनाही लावावी. ‘यू मस्ट आयदर पे नाऊ ऑर यू मस्ट लीव्ह’ यात पहिल्या रेघेपुढे नुसते क्रियापद आहे आणि दुसरीपुढे संपूर्ण वाक्य. म्हणून ‘यू मस्ट आयदर पे नाऊ ऑर लीव्ह’ असे लिहावे. ‘ही लाइक्स बोथ रीडिंग अँड टू राइट’ यात क्रियापदांची रूपे जुळत नाहीत. ‘बोथ रीडिंग अँड रायटिंग’ हवे. शब्दयोगी अव्ययाच्या बाबतीत ही चूक सर्वांत जास्त नजरेआड होते. ‘बोथ इन द मॉर्निंग अँड द इव्हनिंग’ यात ‘इन’ एकाच बाजूला आहे. ते जोडीच्या बाहेर काढून ‘इन बोथ द मॉर्निंग अँड द इव्हनिंग’ लिहा किंवा दोन्हीकडे ठेवून ‘बोथ इन द मॉर्निंग अँड इन द इव्हनिंग’ लिहा. दोन्ही शुद्ध आहेत.

इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे, तेही बोलताना हा तोल नेहमी सांभाळतात असे नाही, आणि बोलण्यात त्याने काही अडतही नाही. पण अर्ज, अहवाल, निबंध यांत वाचणाऱ्यासमोर आपला आवाज नसतो, केवळ शब्दांची मांडणी असते. तेथे तो सांभाळावा, असेच मी आग्रहाने सांगेन.

एक गोष्ट राहिली. जोर देण्यासाठी ‘नॉट ओन्ली’ वाक्याच्या अगदी आरंभी आणून त्यामागे पूर्ण वाक्य ठेवले, तर साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी येते : ‘नॉट ओन्ली डिड शी राइट द लेटर, बट शी ऑल्सो पोस्टेड इट’. ही उलटापालट फक्त पहिल्या भागात होते. ‘बट’नंतरचा क्रम सरळच राहतो.

प्रश्न : ‘नायदर द टीचर नॉर द स्टुडंट्स’ यानंतर ‘वॉज’ लिहायचे की ‘वेअर’? आमच्या घरात यावरून दोन तट पडले आहेत.

‘वेअर’ लिहावे. ‘आयदर–ऑर’, ‘नायदर–नॉर’ आणि ‘नॉट ओन्ली–बट ऑल्सो’ यांनी दोन कर्ते जोडले असतील, तर क्रियापद जवळच्या कर्त्याचे ऐकते. येथे क्रियापदाला लागून ‘स्टुडंट्स’ हे अनेकवचन आहे, म्हणून ‘वेअर’. क्रम उलटा करून ‘नायदर द स्टुडंट्स नॉर द टीचर’ असे लिहिले, तर नियमाने ‘वॉज’ येईल. पण कानाला ते वाक्य अवघडल्यासारखे वाटते, म्हणून अनेकवचनी कर्ता दुसऱ्या जागी ठेवणे हे चांगले वळण.

मराठी वाचकाला हा नियम परका वाटू नये, कारण ‘किंवा’च्या बाबतीत आपणही हेच करतो. ‘भाऊ किंवा बहीण आली असेल’ आणि ‘बहीण किंवा भाऊ आला असेल’ या दोन वाक्यांत क्रियापदाचे लिंग शेवटच्या कर्त्याप्रमाणे आपोआप बदलते. इंग्रजीत लिंगाऐवजी वचन आणि पुरुष बदलतात, एवढाच फरक. पुरुष बदलल्याने होणारी अडचण मात्र खरी आहे : ‘आयदर यू ऑर आय ॲम राँग’ हे व्याकरणाला धरून आहे, तरी लिहिणाऱ्यालाही ते नको वाटते. अशा वेळी वाक्य मोडून ‘आयदर यू आर राँग ऑर आय ॲम’ असे लिहावे. त्यात प्रत्येक कर्त्याला त्याचे क्रियापद मिळते.

‘बोथ–अँड’ला हा नियम लागत नाही. तेथे दोन्ही कर्ते एकत्र मोजले जातात, म्हणून क्रियापद नेहमी अनेकवचनी. ‘बोथ’च्या जोडीला ‘ॲज वेल ॲज’ लिहिण्याची सवयही सोडावी. ‘बोथ’चा जोडीदार ‘अँड’च आहे, आणि ‘ॲज वेल ॲज’ एकटे आले, तर क्रियापद पहिल्या कर्त्याप्रमाणे चालते : ‘द टीचर, ॲज वेल ॲज द स्टुडंट्स, वॉज प्रेझेंट’.

प्रश्न : ‘दोघेही आले नाहीत’ याचे इंग्रजी मी ‘बोथ डिड नॉट कम’ असे केले. परदेशी सहकाऱ्याने त्यावर ‘मग त्यांपैकी कोण आले?’ असे विचारले. त्यांचा गैरसमज कशाने झाला?

आपल्या वाक्यानेच झाला, आणि तो होणे स्वाभाविक होते. मराठीत ‘दोघेही’ आणि ‘नाहीत’ शेजारी आले की दोघांनाही नकार लागू होतो. एकही आला नाही, हाच अर्थ निघतो. इंग्रजीत ‘बोथ’ आणि ‘नॉट’ एकत्र आले की ‘दोघे मिळून आले नाहीत’, म्हणजे कदाचित एकच आला असेल, असाही अर्थ निघू शकतो, आणि आपल्या सहकाऱ्याने तोच घेतला. दोघांपैकी एकानेही काही केले नाही असे सांगायचे असेल, तर इंग्रजीत त्यासाठी स्वतंत्र शब्द आहे : ‘नायदर ऑफ देम केम’. नावे किंवा नाती सांगायची असतील, तर ‘नायदर द मॅनेजर नॉर द क्लार्क केम’.

या वाक्यांत ‘डिड नॉट’ नाही, हे लक्षात आले असेलच. नकार ‘नायदर’च्या पोटातच आहे. ‘नायदर’मधला आरंभीचा ‘न’ काढला की ‘आयदर’ उरते, ‘नॉर’मधला काढला की ‘ऑर’, आणि ‘नेव्हर’मधला काढला की ‘एव्हर’. आपल्या ‘न’, ‘ना’, ‘नाही’, ‘नको’ यांतला ‘न’ आणि हा ‘न’ मुळात एकाच कुळातला आहे, कारण मराठी आणि इंग्रजी या एकाच इंडो-युरोपीय भाषाकुळाच्या दूरच्या शाखा आहेत. मला हे साम्य फार आवडते, आणि विद्यार्थ्यांना ते सांगितले की ‘नायदर’बरोबर ‘नॉट’ लिहिण्याची चूक कमी होते, असा माझा अनुभव आहे. आपण ‘ना पत्र आले, ना निरोप’ म्हणतो, तेव्हा शेवटी आणखी ‘नाही’ जोडत नाही. तेच येथे करायचे.

‘आय हॅव नॉट रेड नायदर द लेटर नॉर द रिपोर्ट’ यात म्हणूनच एक नकार जास्त झाला आहे. तो दोन प्रकारे काढता येतो. ‘नॉट’ ठेवायचे असेल, तर जोडी होकारी करा : ‘आय हॅव नॉट रेड आयदर द लेटर ऑर द रिपोर्ट’. जोडी नकारी ठेवायची असेल, तर ‘नॉट’ काढा : ‘आय हॅव रेड नायदर द लेटर नॉर द रिपोर्ट’. ‘नायदर’च्या पुढे ‘ऑर’ मात्र लिहू नये. एका ‘न’ने जोडी सुरू झाली की दुसऱ्या बाजूलाही ‘न’ हवा.

यावर कोणी विचारील की, ‘ही डिड नॉट राइट, नॉर डिड ही कॉल’ असे वाक्य चांगल्या पुस्तकांत कसे सापडते. ते बरोबरच आहे. तेथे ‘नॉर’ स्वतंत्र नकारी वाक्य सुरू करते, त्याला आपला कर्ता आणि आपले क्रियापद आहे, आणि त्यामुळेच ‘डिड’ कर्त्याच्या आधी आले आहे.

प्रश्न : ‘दो’नंतर ‘बट’ लिहू नये असे शिक्षक सांगतात. मराठीत तर ‘जरी’ म्हटल्यावर ‘तरी’ म्हणावेच लागते. मग इंग्रजीत का नाही?

कारण या ठिकाणी दोन भाषांच्या सवयी वेगळ्या आहेत. मराठीला अशी जोडवाक्ये फार जवळची : जर–तर, जरी–तरी, जेव्हा–तेव्हा, जसा–तसा, ज्याअर्थी–त्याअर्थी. पहिला भाग कानावर आला की दुसऱ्याची वाट पाहिली जाते, आणि तो आला नाही, तर वाक्य अधांतरी राहिल्यासारखे वाटते. इंग्रजीत ‘दो’ किंवा ‘ऑल्दो’ एकट्यानेच दोन वाक्ये जोडते. त्यात ‘बट’ घातले, तर एकाच सांध्याला दोन जोड दिल्यासारखे होते. ‘ऑल्दो इट वॉज लेट, बट वी वेटेड’ याऐवजी ‘ऑल्दो इट वॉज लेट, वी वेटेड’ लिहावे किंवा ‘इट वॉज लेट, बट वी वेटेड’. ‘दो–येट’ ही जोडी शाळेच्या पुस्तकांत शिकवली जाते आणि ती शुद्ध आहे, कारण ‘येट’ तेथे क्रियाविशेषणासारखे ‘तरीसुद्धा’ या अर्थाने येते. पण ती थोडी जुन्या वळणाची वाटते.

याच कारणाने ‘बिकॉज’ किंवा ‘सिन्स’ने सुरू झालेल्या वाक्यात पुढे ‘सो’ येऊ देऊ नये. ‘इफ’च्या जोडीला ‘देन’ चालते, पण त्याची सक्ती नाही, आणि लहान वाक्यांत ते नसलेलेच बरे. आपल्याला ‘तर’ हवासा वाटतो म्हणून प्रत्येक ‘इफ’मागे ‘देन’ जोडत गेलो, की लेखन जड होते.

प्रश्न : ‘नो सूनर’पुढे ‘दॅन’ आणि ‘हार्डली’पुढे ‘व्हेन’ असे मी वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेते, तरी परीक्षेत ते अदलाबदल करतात. समजावून सांगण्याचा काही मार्ग आहे का?

आहे, आणि तो ‘सूनर’ या शब्दातच आहे. ‘सून’ म्हणजे लवकर आणि ‘सूनर’ म्हणजे अधिक लवकर. हे तुलनेचे रूप आहे, आणि इंग्रजीत तुलनेच्या रूपापुढे ‘दॅन’ येते, हे विद्यार्थ्यांना ‘टॉलर दॅन’, ‘बेटर दॅन’ यांवरून आधीच ठाऊक असते. ‘नो सूनर हॅड आय ओपन्ड द डोअर दॅन द फोन रँग’ याचा शब्दशः अर्थ असा की, मी दार उघडणे हे फोन वाजण्यापेक्षा जराही अधिक लवकर झाले नाही. दोन्ही जवळजवळ एकदमच घडले. ‘हार्डली’ आणि ‘स्केअर्सली’ ही तुलनेची रूपे नाहीत. त्यांचा अर्थ ‘जेमतेम’. दार जेमतेम उघडले होते, ‘तेव्हा’ फोन वाजला, म्हणून तेथे ‘व्हेन’. मराठीतला ‘दार उघडते न उघडते, तोच फोन वाजला’ हा प्रयोग फळ्यावर शेजारी लिहावा. त्यातला ‘न’ आणि ‘नो’ किंवा ‘हार्डली’ यांतला नकार एकच काम करतात, हे मुलांना चटकन दिसते.

ही अव्यये वाक्याच्या आरंभी आली की साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी येते, हेही सांगावे. ‘डिड’ वापरले, तर मूळ क्रियापद भूतकाळी ठेवू नये : ‘नो सूनर डिड शी सिट डाउन दॅन...’ बरोबर, ‘डिड शी सॅट’ चूक. आणि ‘ॲज सून ॲज’ने वाक्य सुरू केले, तर पुढे ना ‘दॅन’ लागते, ना ‘व्हेन’.

प्रश्न : ‘आय डोन्ट नो दॅट व्हेदर ही विल कम ऑर नॉट’ हे वाक्य बरोबर आहे का?

‘दॅट’ काढा, की बरोबर होईल. ‘तो येईल की नाही, हे मला माहीत नाही’ हे वाक्य आपण ‘मला माहीत नाही, की तो येईल की नाही’ असेही म्हणतो, आणि त्या पहिल्या ‘की’साठी ‘दॅट’ लिहिले जाते. ‘व्हेदर’ला त्याची गरज नाही. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थच ‘दोहोंपैकी कोणता’ असा होता, त्यामुळे दोन पर्याय त्यात आधीपासूनच आहेत. म्हणून शेवटचे ‘ऑर नॉट’ही अशा वाक्यात गाळता येते. मात्र ‘तो येवो अथवा न येवो, आपण निघू’ असे म्हणायचे असेल, तर ते ठेवावेच लागते : ‘वी विल लीव्ह व्हेदर ही कम्स ऑर नॉट’.

प्रश्न : ‘वॉक फास्ट लेस्ट यू शुड नॉट मिस द ट्रेन’ हे माझे उत्तर चूक ठरले. ‘गाडी चुकू नये म्हणून’ यातला ‘नये’ कुठे दाखवायचा?

वेगळा दाखवायचा नाही, कारण ‘लेस्ट’मध्ये तो आलेलाच आहे. ‘लेस्ट’ म्हणजेच ‘असे होऊ नये म्हणून’. त्यापुढे ‘शुड’ येते किंवा ‘शुड’ गाळून क्रियापदाचे मूळ रूप येते. ‘विल’ अथवा ‘कॅन’ येत नाही. आपल्या वाक्यातील ‘नॉट’ खोडले, की ‘वॉक फास्ट लेस्ट यू शुड मिस द ट्रेन’ हे शुद्ध वाक्य उरते. ‘नॉट’ राहू दिले, तर त्याचा अर्थ गाडी चुकावी म्हणून भराभर चाला, असा होईल.